सकाळची गोळी

पाच-सहा वर्षांमागं हुपरीत पिराजीचा आवाज ओळखत नाही असा माणूस शोधून सापडला नसता. चांदीच्या पैंजणाच्या कडीला कडी जोडायची आणि सांधा झाळायचा, हे काम गप्प बसून खाली मान घालून करायचं. पिराजी मान खाली घालायचा, तोंड मात्र मोकळं ठेवायचा. कारखाना म्हणजे मालक सयाजीच्या घराची माडी, तिथं चार माणसं मांडी घालून बसलेली. पिराजी तिथून बोलायला लागला की गल्लीच्या टोकाला गिरणीवर दळणाला आलेल्या बायकांना शब्द न् शब्द ऐकू यायचा. ‘जरा हळू बोला की, लोक म्हणतील भांडण लागलंय,’ असं अक्काताई लग्नापासून सांगत आली होती. त्यावर तो आणखी मोठ्यानं हसायचा.

रस्त्यात कुणी ‘काय पिराजी, कसं काय?’ म्हटलं की उत्तर ठरलेलं. ‘झ्याक! चाललंय की!’ घरात पीठ नसलं तरी झ्याक. अंगात ताप असला तरी झ्याक. एकदा उजव्या अंगठ्यावर तापलेला सांधा पडून कातडी सोलून निघाली होती, तेव्हाही तो हाताला फडकं गुंडाळून शेजाऱ्याला झ्याकच म्हणाला. असल्या माणसाशी संसार करणं मोठं कठीण. त्याला दुखतंय हेच बाईला कळत नाही, तर तिनं काळजी तरी कशाची करायची?

म्हणूनच आजार कळायला वर्ष गेलं. आधी उजव्या हाताची करंगळी हलायला लागली होती, ती त्यानं खिशात लपवली. मग अख्खा हात खिशात राहायला लागला. अक्काताईला वाटलं, या वयात ऐट आलीय. एका सकाळी चहा घेताना बशी वाजायला लागली आणि तिनं त्याच्या तोंडाकडं बघितलं. तो खिडकीबाहेर बघत होता, जणू बशी दुसऱ्या कुणाच्या हातात होती.

कोल्हापूरच्या मोठ्या डॉक्टरांनी त्याला चालवलं, बोटं उघडमीट करायला लावली, वय दोनदा विचारलं आणि कंपवात असल्याचं सांगितलं. तेव्हा त्याला सत्तेचाळिसावं लागलेलं होतं. हा आजार बरा होत नाही, गोळीवर धरून ठेवायचा, असं ते म्हणाले. गोळीचं गणित अक्काताई लवकर शिकली. गोळी पोटात गेली की पाऊण तासानं अंग सुटायचं. मग दोन-अडीच तास माणूस पुष्कळसा पहिल्यासारखा हिंडायचा, बोलायचा, आणि त्यानंतर परत लाकूड. पुढची गोळी लांबली तर तो बसल्या जागेवरून आधाराशिवाय उठू शकत नसे.

सयाजी माणूस वाईट नव्हता. चिमट्यात कडी धरली की पिराजीचा हात थांबायचा, हे त्यानं बघितलं होतं, म्हणून दोन वर्षं त्यानं काम दिलं. पण जो सांधा एका श्वासात व्हायचा त्याला दहा श्वास लागायला लागले. मग पिराजीकडं पॉलिशचं काम आलं, मग नुसतं माल आणण्या-नेण्याचं, आणि एका दिवाळीनंतर सयाजीनं ‘आता घरी आराम करा’ म्हणून सांगितलं. चांदीच्या कामाला निवृत्तीचं वय नसतं. हात चालतो तोवर माणूस बसतो, थांबला की उठतो, आणि उठवताना कुणी हार घालत नाही.

हात गेल्याचं पिराजीनं कसंबसं सोसलं. आवाज गेला ते त्याला सोसलं नाही. आजारानं घसाही धरला होता. बोलणं बारीक होत होत शेवटी पुटपुटण्यावर आलं. चेहराही हलेनासा झाला. हसू आलं तरी ते तोंडावर उमटायचं नाही. ओळखीची माणसं रस्त्यात ‘काय पिराजी?’ म्हणायची, तो झ्याक म्हणायचा, पण ते ऐकू न आल्यामुळं माणसं आखडला म्हणून पुढं जायची. मग त्यानं बाहेर पडणंच सोडलं.

घर अक्काताईच्या हातावर आलं. ती घरी बसून पैंजणांना घुंगरू लावायचं काम करायची. मुलगा विश्वजित कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत होता. नाव ऐकून पाहुण्यांचे डोळे मोठे व्हायचे, पण त्याला मिळायची ती ठेकेदाराची हजेरी, आणि तिकडं त्याची बायको बाळंत झालेली. तो जमेल तसा औषधाचा खर्च उचलायचा. कधी जमायचं नाही, आणि मग फोनवर तो बापाची चौकशी करायचंही टाळायचा.

वाट दाखवली ती क्रांतीनं, सरकारी दवाखान्याच्या आशा सेविकेनं. गल्लीतलीच पोरगी, तोंडानं फटकळ, कामाला पक्की.

‘काकू, म्हातारपणाची पेन्शन पासष्टीला. काकांना अजून चौदा वर्षं हाईत. तवर काय करणार?’

‘काय करणार बाई. बसलोय की.’

‘बसू नगा. अपंगाची पेन्शन मिळती, निराधार योजनेत. वयाची वाट बघायला लागत न्हाय. निस्तं सरकारी दवाखान्याचं सर्टिफिकेट पायजे. चाळीस टक्के अपंग असल्याचं.’

‘आन् यांचं किती हुईल?’

‘सकाळी, गोळीच्या आधी बघितलं तर सत्तर हुईल,’ क्रांती म्हणाली.

पुढचे दोन महिने कागदांत गेले. तलाठ्याकडं, तहसीलला, फोटोवाल्याकडं. एका दाखल्यात पिराजी होतं तर दुसऱ्यात पिराजीराव, त्या एका रावापायी तीन फेऱ्या झाल्या. शेवटी कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात तपासणीला यायची तारीख मिळाली, बुधवारची. मंगळवारी संध्याकाळी क्रांती मुद्दाम आली. पिराजी आत पडला होता. तिनं अक्काताईला दारात बोलावून हळूच सांगितलं.

‘काकू, उद्या सकाळची गोळी देऊ नगा.’

‘काय?’

‘गोळी घेतल्यावर काका चांगलं चालत्यात, बोलत्यात. नेमकं तवाच डॉक्टरनं बघितलं तर तो काय लिवणार? एक दिस गोळी उशिरानं दिली तर आबाळ हुईल, पर खरं काय ते दिसंल तरी. आपण खोटं करायचं न्हाय. खरं हाय तेच दाखवायचं.’

बोलणं रास्त होतं. अक्काताईला ते पटलं आणि रात्रभर झोप लागली नाही. सकाळी उठल्याबरोबर पाण्याच्या घोटाबरोबर ती स्वतःच्या हातानं गोळी त्याच्या जिभेवर ठेवायची. आज तिनं गोळ्यांची पट्टी पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली आणि कमरेला खोचली.

‘गोळी,’ पिराजी अंथरुणातून म्हणाला.

‘संपल्यात. कोल्हापुरात गेल्यावर घिऊ.’

औषध संपायच्या आधी चार दिवस आणून ठेवणारी ही बाई, हे त्याला माहीत होतं की नाही, कोण जाणे.

शर्टाची बटणं लावायला वेळ लागला, कारण त्याला ती स्वतः लावायची होती. शेवटी दोन तिनंच लावली. स्टँडवर एसटी आली तेव्हा माणसं भराभर चढली आणि पिराजी पायरीपाशी थिजला. पाय जमिनीला चिकटल्यासारखे. त्याच्या आजारात हे असंच होई, सपाट जागेत किंवा दारात पाय अडकायचे, पण पुढ्यात काही आडवं ठेवलं की ते ओलांडायला पाय सुटायचा. ही युक्ती कुठल्या डॉक्टरनं सांगितलेली नव्हती, अक्काताईलाच एकदा घरात पडलेली केरसुणी बघून कळली होती. तिनं आपलं पाऊल त्याच्या पावलापुढं आडवं घातलं. तोवर मागून ओरड सुरू झाली होती.

‘ओ पावणं, चढा की! का आमंत्रण द्यायचं?’

‘सकाळी सकाळी टाकून आल्यात जणू,’ दुसरा कुणी म्हणाला आणि दोघं-तिघं हसले.

अक्काताईच्या डोक्यात तिडीक गेली. ‘आजारी हायत ते,’ ती ओरडली. मग एका दांडग्या गड्यानं पिराजीला काखेत धरून पोत्यासारखं वर चढवलं. त्यानं मदतच केली होती. पण पिराजी सगळी वाट खिडकीकडं तोंड करून बसला.

दवाखान्यात नंबर लागला एकतिसावा. बाकावर माणसंच माणसं. कुणाचा पाय नव्हता, कुणी डोळ्यांनी अंध, एक बाई तरण्या मुलीला मांडीवर घेऊन बसलेली. अक्काताईला वाटलं, इथं आपण काय म्हणून आलो, आपल्या माणसाला हातपाय तर आहेत. आणि लगेच वाटलं, हातपाय असून हे हाल, ते कुठल्या रकान्यात भरायचे?

दहा वाजले, अकरा वाजले. पिराजी आता पुरता आखडला होता. उजवा हात मांडीवर थडथडत होता आणि त्यानं सगळा बाक हलत होता. शेजारची बाई आधी सरकली, मग उठूनच गेली. अक्काताईनं त्याचा हात दोन्ही हातांत धरला. बरं आहे, ती मनात म्हणाली, हे डॉक्टरांना दिसू दे. असं मनात आल्याबरोबर तिची तिलाच लाज वाटली.

‘मुतायला जायचंय,’ पिराजी म्हणाला. इतक्या बारीक आवाजात की तिला कान तोंडाशी न्यावा लागला.

ती त्याला उठवायला लागली. एकदा, दोनदा, तीनदा. कमरेतून तो वाकेना, गुडघे सुटेनात. तिनं आजूबाजूला बघितलं. पुरुषांच्या मुतारीत न्यायला कुणीतरी गडी माणूस पाहिजे होता. समोरच्या एकाला तिनं विनवलं, तो उठलाही, दोघांनी मिळून पिराजीला उभं केलं. दोन पावलं झाली आणि व्हरांड्याच्या दारात पाय थिजले. अक्काताईनं पाऊल आडवं घातलं. पाय सुटला नाही. तिनं चप्पल काढून पुढं ठेवली. तरीही सुटला नाही.

मग फरशीवर पाणी पसरायला लागलं. पिराजीचा पांढरा पायजमा मांडीपासून खाली भिजत गेला. धरणारा माणूस चटकन बाजूला झाला. फरशी पुसणारी बाई लांबून ओरडली, ‘आवं काय हे! आत्ताच पुसलंय न्हवं!’ बाकावरची सगळी माणसं बघत होती. पिराजीचा चेहरा होता तसाच होता, दगडासारखा. फक्त डोळ्यांतून धार लागली होती, आणि ती पुसायला त्याचा हात वर येत नव्हता.

‘गोळी,’ तो म्हणाला.

अक्काताईनं कमरेचा पदर ओढला. गाठ सोडली. पट्टीतली गोळी काढून त्याच्या जिभेवर ठेवली, बाटलीतलं पाणी पाजलं. घाईत तिला एवढंही सुचलं नाही की दुकानातून आणल्याचं सोंग तरी करावं. पिराजीनं पदराची सुटलेली गाठ बघितली, पट्टी बघितली, तिच्याकडं बघितलं आणि गोळी गिळली. पेन्शन, चाळीस टक्के, क्रांतीचं सांगणं, सगळं त्या घटकेला तिच्या डोक्यातून पुसून गेलं होतं. माणूस समोर असा उभा असताना कुणाला काय सुचणार?

फरशी तिनंच पुसली. त्याला कसंबसं परत बाकावर बसवून मांडीवर आपली शाल टाकली. पायजमा वाळत आला. नंबर पुढं सरकत राहिले, एकोणतीस, तीस. हळूहळू बाकाचं हलणं थांबलं. पिराजीनं मान वळवली, पाय लांब केला. त्याच वेळी आतून नाव पुकारलं गेलं.

पिराजी आपला आपण उठला. तिची वाट न बघता दार ओलांडून आत गेला आणि टेबलामागच्या तरण्या डॉक्टरला हात जोडून म्हणाला, ‘नमस्कार सायब!’

आवाज खोलीभर वाजला. अक्काताई दारातच उभी राहिली. दोन वर्षांत तिनं हा आवाज ऐकला नव्हता. गोळीनं थोडाफार फरक पडायचा, पण एवढा कधीच नाही. हा त्यानं कुठून ओढून आणला होता देव जाणे. तिच्या अंगावर काटा आला. आनंदच झाला तिला, खोटं कशाला बोला. आणि त्याच आनंदात तिला कळून चुकलं की सगळं हातचं गेलं.

‘काय त्रास होतो तुम्हाला?’ डॉक्टरांनी विचारलं.

‘त्रास कसला? चाललंय की.’

‘हात थरथरतो ना?’

‘जरा हलतोय कवातरी. वय झालं.’

डॉक्टरांनी बोटं उघडमीट करायला सांगितली, त्यानं दात आवळून केली. चालायला सांगितलं, तो भिंतीपर्यंत जाऊन परत आला. वळताना झोक गेला तो खुर्चीला हात टेकून सावरला आणि वर हसायचा प्रयत्न केला. कागदावर गोल गोल रेघ काढायला दिली. चांदीच्या तारेवर तीस वर्षं काढलेला हात, पेन धरल्यावर स्थिर झाला.

‘कपडे घालता स्वतः? जेवता?’

‘व्हय की. सगळं करतोय.’

‘सायब,’ अक्काताई पुढं झाली, ‘आत्ता तासाभरामागं गोळी दिलीया म्हणून असं दिसतंय. सकाळी बघायला पायजे हुतं तुमी यास्नी. आत्ताच भाईर, त्या दारात...’

‘काय न्हाय ओ, ती उगंच घाबरती,’ पिराजी मोठ्यानं म्हणाला. तिच्याकडं त्यानं बघितलं नाही.

पुढचं वाक्य तिच्या ओठांवर होतं, आणि ते बोलली असती तर कदाचित टक्के मिळालेही असते. पण ज्या माणसानं व्हरांड्यातल्या पन्नास जणांसमोर आत्ताच ते सोसलं होतं, त्याला परत या खोलीत तिनं कसं भिजवायचं? निदान या पाच मिनिटांत त्याला गडी माणूस म्हणून उभं राहायचं होतं. तिनं त्याला राहू दिलं.

डॉक्टर वाईट बोलले नाहीत. गोळीचा इतका गुण येतोय ही चांगलीच गोष्ट आहे, असं म्हणाले. पण त्यांना समोर दिसतं तेच लिहावं लागतं, आणि दिसतंय त्याचे फार तर तीस टक्के बसतात. ‘वर्षभरानं परत या. तोपर्यंत आजार वाढला असेल तर टक्के वाढवून मिळतील,’ ते समजावून म्हणाले आणि पुढचा नंबर पुकारला.

बाहेर ऊन लख्ख पडलं होतं. पिराजी पुढं आणि अक्काताई मागं, असं किती दिवसांनी झालं. रस्ता ओलांडताना त्यानं तिच्यासाठी हात आडवा केला. कोपऱ्यावरच्या गाड्यावर त्यानं दोन चहा सांगितले, चांगले ओरडून सांगितले, आणि चहावाल्यानं कुठलं गाव विचारल्यावर ‘हुपरी, चांदीचं काम हाय आमचं,’ असं सांगितलं. ती कप धरून त्याच्याकडं बघत राहिली. त्याला चिडून बोलावं असं तिला वाटत होतं आणि हा तास संपू नये असंही वाटत होतं.

तास संपलाच. एसटीत बसले तोवर त्याचं बोलणं बारीक व्हायला लागलं होतं. मुडशिंगी मागं पडली तेव्हा हात परत मांडीवर थडथडायला लागला.

‘गोळ्या हुत्या तुझ्याकडं,’ तो म्हणाला. तिला कान जवळ न्यावा लागला.

‘व्हय.’

‘क्रांतीनं सांगितलं?’

‘व्हय. माझं चुकलं.’

रस्त्याकडेचा ऊस मागं मागं जात होता.

‘तुझं न्हाय चुकलं. तिचं बराबर हुतं. चुकलं ते माझं,’ तो म्हणाला. ‘फुडल्या खेपंला मी कितीबी मागितली, रडलो, तरी देऊ नगंस.’

अक्काताईला हुंदका आवरेना. गेली चार वर्षं दर मंगळवारी ती देवीला एकच मागणं मागत आली होती, आजार आहे तिथंच थांबू दे. आता वर्षभर काय मागायचं, ते तिला कळेना. पदरात तोंड घालून ती भर गाडीत रडायला लागली. पुढच्या बाकावरच्या बायका वळून बघायला लागल्या.

पिराजीला वाटलं, ती पेन्शनसाठी रडतेय. त्यानं थरथरता हात कसाबसा उचलून तिच्या गुडघ्यावर ठेवला.

‘वाढंल की गं वर्षभरात,’ तो म्हणाला. ‘काळजी करू नगंस.’

तिनं तो हात दोन्ही हातांत घेतला आणि हुपरी येईपर्यंत सोडला नाही.